औली : बर्फाचा उतार आणि त्याचा पायथा

चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात बर्फाची गोष्ट सांगायला बसावे, यात थोडा विनोद आहे हे आम्ही जाणतो. पण ही गोष्ट मौजेची नाही, निदान शेवटपर्यंत मौजेची राहत नाही.

बदरीनारायणाची यात्रा करून आलेल्या आपल्याकडच्या मंडळींना जोशीमठ परिचयाचे आहे. शंकराचार्यांचे ज्योतिर्मठ ते हेच. हिवाळ्यात बदरीचे दार मिटले की आचार्यांची गादी येथल्या नरसिंहमंदिरात येते. ज्या वाटेवर अहिल्याबाई होळकरांनी यात्रेकरूंच्या सोयीसाठी बांधकामे केली, त्याच वाटेवरचे हे मुक्कामाचे गाव. यात्रेकरू येथे एक रात्र काढतो आणि पहाटे उत्तरेकडे तोंड करून निघतो. गावाच्या मागे दक्षिणेला जो डोंगर चढत गेला आहे, त्याकडे पाहण्याचे त्याला कारणच पडत नाही. त्या डोंगरावर, देवदार आणि ओकाचे रान संपते तेथे, औली आहे. जोशीमठाची उंची सहा हजार फुटांच्या थोडी वर. औलीचे उतार साधारण आठ हजारांपासून दहा हजार फुटांपर्यंत पसरलेले.

रानाच्या वरच्या अशा गवताळ पठारांना गढवालात ‘बुग्याल’ म्हणतात. उन्हाळ्यात हिरवळ, थंडीत बर्फ, आणि समोर पंचवीस हजार सहाशे फुटांची नंदादेवी. शतकानुशतके ही केवळ गुरामेंढरांच्या चराईची जागा होती. बर्फावरून लाकडी पट्ट्या पायांना बांधून घसरत जावे, हे येथे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

औलीला स्की आणली ती करमणुकीने नव्हे, युद्धाने. जोशीमठाच्या पलीकडे माणा आणि नीती ही दोन खोरी तिबेटच्या सरहद्दीला भिडतात. तेथले भोटिया लोक खिंडी ओलांडून मीठ, लोकर आणि धान्य यांचा व्यापार करीत. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर तो व्यापार संपला आणि खिंडीवर पहारे बसले. त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला, युद्ध चालू असतानाच, भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची स्थापना झाली. ज्या सरहद्दीवर वर्षातले कित्येक महिने बर्फ असतो, तेथे गस्त घालायची तर पायी चालून भागत नाही. म्हणून १९७३ साली या दलाने औलीला गिर्यारोहण व स्कीइंगचे शिक्षण देणारी शाळा उघडली. उत्तर युरोपातही स्की हे आधी हिवाळ्यातले वाहन होते, मागाहून खेळणे झाले. औलीचा क्रमही तोच. फरक इतकाच की, तिकडे या बदलाला शतके लागली, येथे वीस वर्षे पुरली.

उतार चांगला निघाला. उत्तराभिमुख असल्यामुळे ऊन तिरपे पडते आणि बर्फ टिकतो. मध्ये कडे नाहीत, नवशिक्यालाही झेपेल असा सलग उतार आहे. काश्मीरच्या गुलमर्गला स्कीइंगचा इतिहास इंग्रजांच्या काळापासूनचा. तेव्हाच्या उत्तर प्रदेश सरकारला वाटले की आपलेही एक गुलमर्ग असावे, आणि त्यात गैर काही नव्हते. प्रश्न होता तो वर पोहोचण्याचा. त्यासाठी रज्जुमार्ग बांधला गेला आणि १९९३-९४ च्या सुमारास तो सुरू झाला. चार किलोमीटरच्या आसपास लांबी, दहा मनोरे, आणि तारेवर दोन पाळणे: एक वर चढू लागला की दुसरा खाली येतो. सुमारे साडेतीन हजार फुटांची चढण माणूस काचेतून नंदादेवी पाहत पाहत चढून जातो. औलीचे नाव देशात झाले ते या तारेमुळे. पुढे २००० साली उत्तराखंड वेगळे राज्य झाले. नव्या राज्याला मिरवायला काही हवे होतेच. जानेवारी २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धा डेहराडून आणि औली येथे झाल्या. त्यासाठी कृत्रिम बर्फ करणारी यंत्रे आणली, त्यांना पाणी पुरविण्यासाठी डोंगरावर तळे बांधले. ज्या गावाची कीर्तीच बर्फावर, त्याला बर्फ करण्याचे यंत्र आणावे लागावे, याचा अर्थ त्या उत्साहात फारसा कोणी लावला नाही.

येथवरची हकीकत पर्यटनाच्या कोणत्याही पुस्तिकेत मिळेल. आम्हांला सांगायचे आहे ते तारेच्या खालच्या टोकाबद्दल.

ते टोक जोशीमठात आहे, आणि जोशीमठ खडकावर वसलेले नाही. फार पूर्वी वरचा डोंगर ढासळून जी प्रचंड दरड खाली आली, तिच्या माती-दगडांच्या ढिगावर हे गाव उभे आहे. हाइम आणि गान्सर या स्विस भूशास्त्रज्ञांनी १९३६ च्या आपल्या प्रवासानंतर हे नोंदवून ठेवले होते. लोकांनाही आपल्या परीने ते ठाऊक असावे. नरसिंहाच्या मूर्तीचे मनगट दिवसेंदिवस बारीक होत आहे, ते तुटेल त्या दिवशी जय-विजय पर्वत एकमेकांना मिळतील आणि बदरीची वाट बंद होईल, अशी तेथली आख्यायिका आहे. तिला भविष्यवाणी मानण्याची आमची तयारी नाही. पण ती रचणाऱ्यांनी डोंगर सरकताना पाहिले होते, एवढे मानायला हरकत नसावी.

घरांना तडे जाऊ लागले तेव्हा गढवालचे आयुक्त महेशचंद्र मिश्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १९७६ साली तिने अहवाल दिला. तिच्या सूचना कोणाही शेतकऱ्याला कळतील इतक्या साध्या होत्या. जड बांधकाम करू नये. करायचेच तर जमीन तपासून करावे. उतारावरचे मोठे दगड खणून किंवा सुरुंग लावून काढू नयेत. झाडे तोडू नयेत, उलट लावावीत. सांडपाणी मातीत मुरू न देता पक्क्या गटारांतून न्यावे. नदी पायथा कुरतडते, तेथे बंदिस्ती करावी. सनावळीकडे लक्ष द्यावे : अहवाल स्कीच्या शाळेनंतर तीन वर्षांनी आला आणि रज्जुमार्गाच्या पुष्कळ आधी. म्हणजे औलीचा जो ‘विकास’ झाला, तो सारा हा अहवाल हाती असताना झाला.

रज्जुमार्गाने गाव खचविले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण पाळणा वर न्यायचा तर माणसे खाली मुक्कामाला हवीत. यात्रेकरू उन्हाळ्यात येत होताच. आता हिवाळ्यातही गिऱ्हाईक मिळू लागले. त्याच्यासाठी मजल्यांवर मजले चढले, न्हाणीघरे वाढली, आणि त्यांचे पाणी शोषखड्ड्यांतून त्याच पुरातन ढिगाऱ्यात मुरले. छावण्या वाढल्या, रस्ते रुंदावले. तपोवन-विष्णुगाड जलविद्युत् प्रकल्पाचा बोगदा औलीच्या डोंगराच्या पोटातून खोदला जात असता, डिसेंबर २००९ मध्ये यंत्राने भूगर्भातला पाण्याचा साठा फोडला. दिवसाला सहा-सात कोटी लिटर पाणी वाहू लागले. गावाच्या खचण्याशी बोगद्याचा संबंध नाही, असे प्रकल्पाच्या कंपनीचे म्हणणे आहे. गावकरी ते मानत नाहीत. जून २०१९ मध्ये औलीच्या कुरणावर एका धनाढ्य कुटुंबाने असे लग्न लावले की, नैनीतालच्या उच्च न्यायालयाला त्यात हात घालून तीन कोटी रुपये अनामत भरायला लावावे लागले. हा प्रसंग लहान आहे, पण बुग्यालाची किंमत आपण काय केली हे त्यावरून दिसते.

जानेवारी २०२३ च्या पहिल्याच आठवड्यात जोशीमठात जमिनीतून गढूळ पाणी उसळले आणि भिंती दुभंगू लागल्या. उपग्रहाच्या चित्रांवरून असे दिसले की, २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत गावाचा मधला भाग ५.४ सेंटिमीटर खचला होता. आठशेंहून अधिक इमारतींना तडे गेले. राहण्यास अयोग्य घरांवर लाल फुल्या मारण्यात आल्या. रज्जुमार्ग बंद झाला, आणि त्याच्या स्थानकाच्या आवारातही भेग दिसली. औलीवर स्की भाड्याने देणारा, पर्यटकाला हात धरून शिकविणारा, चहाची टपरी चालविणारा माणूस बहुधा खालच्या गावातलाच. त्याची मिळकत वर आणि घर खाली. गाव सोडा म्हणणे सोपे आहे. पण सोडून पोट भरायचे कोठे, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

२० जानेवारीला बर्फ पडला. एरवी गावात आनंद झाला असता. त्या दिवशी धोकादायक इमारतींचे पाडकाम थांबवावे लागले, आणि निवाऱ्यांत गेलेली कुटुंबे शेगड्या मागू लागली. पुढच्या महिन्यात औलीच्या उतारावर राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा भरायच्या होत्या. पुरेसा बर्फ नाही म्हणून त्या रद्द झाल्या.