उपासनेत इच्छा कोणाची?

पुण्याच्या नाना पेठेतील 'सिटी चर्च' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निष्कलंक मातेच्या मंदिराचा प्रारंभ १७९२ साली झाला. पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती सैनिकांसाठी सवाई माधवरावांनी त्याकरिता जागा दिली. त्या सैनिकांच्या घरी कोंकणी, भोवती मराठी आणि वेदीवर लॅटिन होती. उपासनेच्या भाषेचा प्रश्न असा पुण्यातील कॅथलिकांच्या पाचवीलाच पुजलेला आहे. परंतु त्याच्या पोटात त्याहून मूलगामी प्रश्न दडलेला आहे: उपासनेत आपण स्वतःची आवड जपतो, की देवाची इच्छा शोधतो?

सिटी चर्चच्या पावणेदोनशे वर्षे आधी गोव्यात एका धर्मगुरूंपुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, शिक्षणाने लॅटिनचे पंडित. स्वतःच्या रुचीप्रमाणे लिहायचे असते, तर त्यांना लॅटिन काव्य रचता आले असते. तथापि नवख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणांची उणीव भासत होती. ती ओळखून त्यांनी मराठी ओवी आपलीशी केली आणि १६१६ मध्ये दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. स्वतःची भाषा बाजूला ठेवणे हाही एक प्रकारचा त्यागच होय.

१९०३ साली संत पोप दहावे पायस यांनी धर्मसंगीतासंबंधीच्या आपल्या आदेशपत्रात भाविकांनी उपासनेत सक्रिय सहभागी व्हावे, असा आग्रह धरला. योगायोग असा, की त्याच वर्षी फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. हेच डोरिंग पुढे पुण्याचे महागुरुस्वामी झाले. घराघरांत मराठी ख्रिस्ती वाचन पोहोचले, पण वेदीवरची भाषा बदलण्यास आणखी साठ वर्षे जावी लागली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक संविधान २,१४७ विरुद्ध ४ मतांनी स्वीकारले आणि लोकभाषेतील मिस्साचा मार्ग मोकळा झाला. हा निर्णय कोणा एकाच्या लहरीने झाला नव्हता. त्यामागे दीर्घ अभ्यास, प्रार्थना आणि वादविवाद होते.

पुढे भारतीय महागुरुस्वामींच्या विनंतीवरून रोमने २५ एप्रिल १९६९ रोजी बारा सूचनांना संमती दिली. हात जोडून नमस्कार, आरती, समई, पादत्राणे बाहेर ठेवणे, जमिनीवर बसणे असे हे बदल होते. ते सक्तीचे नव्हते, तरीही वादळ उठले. काहींना त्यांत परधर्माचे अनुकरण दिसले, तर काहींना ते फारच तोकडे वाटले. दोन्ही बाजूंना कळकळ होती, यात शंका नाही. मात्र "आम्हांला हे रुचत नाही" आणि "आम्हांला हेच हवे" या दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच आहे, तो म्हणजे 'मी'.

या दोषातून धर्मगुरूही सुटत नाहीत. मला टाळ-पेटीवरची भजने प्रिय. एका धर्मग्रामात मी कोणालाही न विचारता जुनी गीते बंद केली. काही आठवड्यांनी लक्षात आले, की पहिल्या बाकावरच्या आजी आता गातच नाहीत. त्यांना विचारले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "फादर, ही गाणी तुमची आहेत." भजनांत काहीच उणे नव्हते. उणे माझ्यात होते. मी देवाला विचारले नव्हते आणि त्याच्या लेकरांचे ऐकलेही नव्हते.

आज पुण्यात इंग्रजी, मराठी, कोंकणी, तमिळ अशा अनेक भाषांत मिस्सा होतात. वेळ, वाद्ये, गीते यांवरून आपल्या सभांत आवाजही चढतात. अशा वेळी गेथशेमनी बागेकडे पाहावे. तेथे प्रभू येशूने स्वतःची इच्छा पित्यापासून लपविली नाही. त्याने ती मोकळेपणाने सांगितली आणि मग पित्याच्या हाती सोपविली. आपणही आवड जरूर सांगावी, दुसऱ्याचे ऐकावे, ख्रिस्तसभेची शिकवण समजून घ्यावी आणि निर्णयापूर्वी काही क्षण मौन पाळावे. त्या आजींची जुनी गीते मी पुन्हा सुरू केली. भजनेही राहिली. आता त्या दोन्ही गातात.