शल्यशिक्षण : दूरस्थ आणि प्रत्यक्ष

शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण पडद्यावरून किती द्यावे आणि ऑपरेशन थिएटरात शिक्षकाशेजारी उभे करून किती, यासंबंधीची नोंद. विवेचन मुख्यतः जनरल सर्जरी व महाराष्ट्रापुरते आहे.

पूर्वपीठिका : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय, योग्यासूत्रीय, हा सरावावरच आहे. छेदनासाठी भोपळा व काकडी, शिवणासाठी जाड-पातळ कापड, वेधनासाठी मृत जनावराच्या शिरा व कमळाचे देठ असा क्रम त्यात सांगितला आहे. आधुनिक निवासी पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी घडवली.

नागपूर परिसर : नागपुरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (‘मेडिकल’) 1947 चे, मेयो रुग्णालयाला जोडलेले इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1968 चे, एम्स 2018 मध्ये सुरू झाले. सावनेर तालुक्यातील खापरखेडा हा औष्णिक वीजकेंद्राचा आणि कोळसा खाणींचा पट्टा. तेथील गंभीर रुग्णांना जवळची शिक्षण-रुग्णालये नागपूरचीच. भाजलेला किंवा चिरडलेला रुग्ण मध्यरात्री अपघात विभागात येतो, तेव्हा आधी श्वासमार्ग पाहायचा की रक्तस्राव, हे निवासी डॉक्टर वरिष्ठाच्या सोबतीनेच शिकतो. व्याख्यान ऐकून नियम पाठ होतो, पण हात थरथरायचा थांबत नाही.

लॅपरोस्कोपी : दूरस्थ शिक्षणाची खरी वाट येथून निघाली. दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीत एरिख म्यूहे यांनी 1985 मध्ये केली. भारतात ती 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. ते निदानासाठी 1970 च्या दशकापासूनच दुर्बीण वापरत होते. पुढे कार्यशाळा व प्रशिक्षणवर्गांतून त्यांनी हे तंत्र देशभरातील सर्जनांपर्यंत नेले. उघड्या शस्त्रक्रियेत मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्याला शिक्षकाची पाठच दिसायची. दुर्बिणीमुळे सर्जन जे पाहतो तेच खोलीतल्या प्रत्येकाला दिसू लागले, आणि तेच चित्र तारेवरून दुसऱ्या गावीही जाऊ लागले.

मर्यादाही येथेच स्पष्ट होते. पित्ताशयाची नलिका कापण्यापूर्वी तीन गोष्टी खात्रीने दिसल्या पाहिजेत : ही नलिका व यकृत यांच्यामधल्या त्रिकोणातील चरबी व तंतू साफ झालेले, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटलेला, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच रचना. चित्रफीत पाहून परीक्षक यांची शहानिशा नेमकेपणाने करू शकतो. पण पित्ताशय किती ओढायचे, सुजलेली ऊती केव्हा फाटेल, ग्रॅस्पर (पकडीचा चिमटा) कधी सैल सोडायचा, हे बोटांना कळावे लागते. शेजारचा शिक्षक विद्यार्थ्याच्या हातावर हात ठेवून तो ताण दाखवतो; पडद्यापलीकडच्या शिक्षकाला ते जमत नाही. टाके-गाठींसारखी प्राथमिक कौशल्ये मात्र चित्रफितीवरूनही चांगली येतात, असे काही अभ्यासांत दिसले आहे. पुढच्या टप्प्यांबाबत एकमत नाही.

कोविडकाळ : 2020 मध्ये नियोजित शस्त्रक्रिया थांबल्या, निवासी डॉक्टर कोविड वॉर्डात गेले आणि व्याख्याने, जर्नल क्लब, केस-चर्चा ऑनलाइन झाल्या. चर्चेची सोय झाली. थिएटरातले बुडालेले दिवस मात्र त्या तुकडीला तसेच परत मिळाले नाहीत. त्याच वर्षी 25 मार्चला आलेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी दूरस्थ शस्त्रक्रिया आपल्या कक्षेबाहेर ठेवली.

दूरस्थ शस्त्रक्रिया : 7 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमधून झाक मारेस्को यांनी स्ट्रासबर्गमधील रुग्णाचे पित्ताशय यंत्रहातांनी काढले; पण ते तज्ज्ञाने दुरून केलेले काम होते, विद्यार्थ्याला दुरून शिकवणे नव्हे.

जिल्हा निवासी कार्यक्रम : 2020 च्या नियमदुरुस्तीने पदव्युत्तर विद्यार्थ्याला 3 महिने जिल्हा रुग्णालयात काम बंधनकारक झाले. मोठ्या महाविद्यालयातल्या शिक्षकाने या काळात फोनवर वा पडद्यावर मार्गदर्शन करणे, हा दूरस्थ पद्धतीचा सर्वांत योग्य वापर ठरतो; कारण रुग्णापाशी जिल्ह्याचा सर्जन उभा असतोच.

मूल्यमापन : लॉगबुकमध्ये शस्त्रक्रिया पाहिली, साहाय्य केले, देखरेखीखाली केली की स्वतंत्रपणे केली, अशा नोंदी स्वतंत्र असतात. पडद्यावर पाहिलेली शस्त्रक्रिया पहिल्याच रकान्यात जावी. तिने उरलेल्या तिन्हींची भरपाई होऊ नये.