सोबत की मागाहून? कुटुंब, व्हिसा आणि एका शब्दाचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका आजोबांनी आम्हाला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांच्या मुलाला अमेरिकेला जायचंय. आत्ताची कंपनी एल-वन व्हिसावर पाठवायला तयार आहे, दुसरी एक कंपनी एच-वन-बी करून देते म्हणते. सूनबाई बँकेत नोकरीला, नात सोळा वर्षांची. आजोबा म्हणाले, "सगळ्यांनी एकत्र जावं एवढंच आमचं म्हणणं. मग कोणता घ्यावा?"

आम्ही वकील नाही, त्यामुळे सल्ला दिला नाही. पण घरी जाताना त्यांचा 'एकत्र' हा शब्द डोक्यात घोळत राहिला. बायकामुलांना एकत्र नेता येणं हे आज आपण गृहीत धरतो. ते कधी, कसं आणि कोणाला मिळालं, याचाच आज विचार करू.

सुरुवात आपल्या ओळखीच्या माणसांपासून करू. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा हिंदुस्थानातून जाणाऱ्याला व्हिसा हा प्रकारच नव्हता. तिकिटाचे पैसे हवेत आणि लोकांच्या बोलण्याला तोंड द्यायची तयारी हवी, बस. गोपाळराव मागाहून गेले. नवरा-बायको वेगवेगळे गेले ते पैशांमुळे आणि परिस्थितीमुळे. दोघांमध्ये कायदा उभा नव्हता.

पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत तो उभा राहिला. कॅनडाने १९०८ साली नियम केला की मायदेशातून थेट, सलग प्रवास करून येणाऱ्यालाच प्रवेश मिळेल. हिंदुस्थानातून तशी सोय उपलब्ध नव्हती, म्हणजे न बोलता दार बंद. व्हँकुव्हरला आधीच स्थिरावलेल्या शीख पुरुषांच्या बायकामुलांनाही हाच नियम. १९१२ साली भाग सिंग आणि बलवंत सिंग या दोन पुढाऱ्यांची कुटुंबं बंदरावर पोचली, तर त्यांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. बराच गाजावाजा झाल्यावर सरकारने त्यांना राहू दिलं, पण 'कृपा' म्हणून. शब्द नीट ऐका. हक्क म्हणून नव्हे. तिथे राहणाऱ्यांना बायको आणि लहान मुलं आणायची परवानगी मिळाली ती पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली.

अमेरिकेत काय चाललं होतं? १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा प्रवेशबंदीखाली आला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. १९२४ च्या कायद्याने पुढची कडी जोडली. जो नागरिक होऊ शकत नाही, तो कायमचा राहायलाही येऊ शकत नाही.

याचा एक विलक्षण परिणाम बघा. २५ मे १९२५ रोजी त्याच न्यायालयाने चिनी बायकांविषयी दोन निकाल दिले. पहिल्यात नवरा चिनी व्यापारी होता, नागरिक नव्हता. त्याच्या बायकोला प्रवेश मिळाला, कारण व्यापाऱ्यांच्या हक्काचा चीनशी जुना तह होता. दुसऱ्यात नवरा चिनी वंशाचा अमेरिकन नागरिक होता. त्याच्या बायकोला प्रवेश नाकारला! एकाच दिवशी, एकाच न्यायालयात परक्याची बायको आत आणि नागरिकाची बायको बाहेर. कुटुंब एकत्र राहणार की नाही, हे लग्नावरून ठरलं नाही, नवऱ्याचे कागद कोणत्या खान्यात बसतात त्यावरून ठरलं. १९३० साली थोडी दुरुस्ती झाली. २६ मे १९२४ पूर्वी लग्न झालेल्या नागरिकांच्या बायकांना वाट मोकळी झाली. म्हणजे आता लग्नाची तारीखही महत्त्वाची ठरली. हा धागा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

१९४६ मध्ये हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला कोटा किती? शंभर. अख्ख्या देशाला शंभर.

मग आला ३ ऑक्टोबर १९६५ चा कायदा. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी त्यावर सही केली. वंशावर आधारलेले जुने कोटे गेले. सरकारच्या मूळ मसुद्यात कौशल्याला पहिला मान होता. संसदेच्या उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फीअन यांनी तो क्रम उलटा केला. मर्यादेतल्या जागांपैकी ७४ टक्के नातेवाइकांना आणि २० टक्के व्यावसायिक व कामगारांना. आतला हिशेब असा होता, की तिथे नातेवाईक कोणाचे आहेत? युरोपियनांचे. तेव्हा येतीलही युरोपियनच.

हिशेब चुकला. आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर त्या व्यावसायिकांच्या छोट्या खिडकीतून आत गेले, यथावकाश नागरिक झाले आणि मग नातेवाइकांचं मोठं दार त्यांनाही उघडलं. न्यू जर्सी, शिकागोकडची जुनी मराठी कुटुंबं आठवा. कितीतरी घरांची सुरुवात अशीच आहे.

आता या व्याख्यानाचा गाभा. ग्रीन कार्ड मिळवणाऱ्या माणसाची बायको आणि एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं 'सोबत किंवा मागाहून' त्याच्याच रांगेतल्या क्रमांकावर येऊ शकतात, अशी तरतूद या कायद्यात आहे. ऐकायला साधी वाटते. पण अट अशी की लग्न तो ग्रीन कार्डधारक होण्याआधी झालेलं हवं. मुलगा आधी एकटा गेला, ग्रीन कार्ड हातात आलं, मग पंधरा दिवसांच्या रजेवर येऊन मुली बघितल्या आणि बोहल्यावर चढला, तर बायको 'मागाहून' येणारी ठरत नाही. ती वेगळ्या कोट्यात, वेगळ्या रांगेत. त्याने नागरिक व्हावं, मग तिला कोट्याबाहेर बोलवावं. नागरिकत्वाला साधारण पाच वर्षं. दोन लग्नपत्रिका अगदी सारख्या, फरक विमानाच्या तारखेचा, आणि एका घरात संसार लगेच सुरू, दुसऱ्या घरात पत्रांवर. या रांगा इतक्या लांबल्या की अशा ताटकळलेल्या बायकामुलांसाठी २००० साली 'व्ही' नावाचा खास तात्पुरता व्हिसा काढावा लागला.

तात्पुरत्या कामावर जाणाऱ्यांच्या घरच्यांचं काय? १९७० साली कंपनीच्या बदलीसाठी एल व्हिसा आला आणि त्याच कायद्याने एच व्हिसावाल्यांच्या कुटुंबासाठी एच-फोर आला. तेव्हापासून सोबत जाता येऊ लागलं. पण सोबत जाऊन करायचं काय? एच-फोरवर नोकरी करता येत नसे. शिकल्यासवरलेल्या, इथे पगार आणणाऱ्या कितीतरी बायका तिथे घरात बसल्या. एल-टूच्या जोडीदारांना २००२ मध्ये कामाची परवानगी मिळाली. एच-फोरच्या काहींना ती २६ मे २०१५ पासून मिळाली, तीही मुख्यतः जोडीदाराचा ग्रीन कार्डचा पहिला अर्ज मंजूर झाला असेल तरच.

आणि मुलं? १९९० च्या कायद्याने नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला १,४०,००० ठेवली आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्के. ढोबळ हिशेब करा, ९,८००. यात बायकामुलंही मोजली जातात, म्हणजे चौघांच्या घराला चार कार्डं लागतात. मग घरं किती झाली? अडीच हजारसुद्धा नाहीत. इतरांच्या उरलेल्या जागा मिळाल्या तर थोडी भर पडते, इतकंच. म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. बाप रांगेत उभा असतो आणि मुलगी एकवीस वर्षांची होते. झालं, कायद्याच्या दृष्टीने ती आता 'मूल' नाही. २००२ च्या बालदर्जा कायद्याने काही दिलासा दिला. अर्जाची तपासणी चालू असतानाचे दिवस वयातून वजा होतात. पण रांगेत उभं राहण्याची वर्षं वजा होत नाहीत, आणि खरी वर्षं तर तिथेच जातात.

आता आजोबांकडे परत येऊ. आजच्या घडीला एल-वनवर गेलं तर सूनबाईला पोचल्यापासून काम करता येतं, पण मुक्काम पाच किंवा सात वर्षांपुरता. एच-वन-बीला आधी सोडत लागायला हवी आणि सूनबाईला थांबावं लागेल, पण ग्रीन कार्डची रांग लागल्यावर मुदत वाढत राहते. एल-वनवर व्यवस्थापक म्हणून गेलेल्याला पुढे एक तुलनेने आखूड रांग मिळू शकते. आणि हो, रांग जन्मदेशावरून ठरते. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल, तर त्याच्या देशाची रांग धरता येते. मुलाच्या जन्मदेशाचा मात्र आईबापांना उपयोग नाही.

नियम बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द वकिलाचाच. पण इतिहास वाचून आम्हाला एक गोष्ट पटलीय. आपण विचारतो, 'व्हिसा कोणता?' कायदा विचारतो, 'अर्ज कोणाच्या नावावर, लग्न कधीचं, मूल किती वर्षांचं?' सोळा वर्षांच्या नातीकडे पाच वर्षं आहेत. त्या घरातलं सगळ्यात महत्त्वाचं कागदपत्र मुलाची ऑफर नाही, तिचा जन्मदाखला आहे. जेवायला बसल्यावर चर्चा तिथून सुरू करा, आणि तिलाही बोलू द्या. निम्मी वाट तीच चालणार आहे.

आज इथेच थांबू.