रूप पाहावं की काम? अमेरिकेतल्या गुराखी घोड्यांच्या परीक्षेची गोष्ट

घोडा पारखायचा कसा, हा विषय आपल्या मंडळात निघाला की गाडी शिंदे-होळकरांच्या पागांपर्यंत जाते आणि मग भोवऱ्यांपाशी येऊन अडकते. देवमण कुठे असावा, कोणता भोवरा अशुभ, पंचकल्याणी म्हणजे नेमका कसा, वगैरे. या वेळी जरा लांब जाऊ, थेट टेक्सासला. तिथे हाच प्रश्न सव्वाशे वर्षं मैदानात, बक्षीस लावून सोडवला जातोय. मधे त्यांचा एकदा चांगलाच घोटाळा झाला, आणि मला विचाराल तर तोच भाग आपल्या कामाचा आहे.

टेक्सासची गुरं पूर्वी मोकळ्या माळावर चरत. अनेक मालकांची जनावरं एकमेकांत मिसळायची. ठरलेल्या हंगामात ती हाकून एकत्र आणायची, आपापली वेगळी काढायची, वासरांना डाग द्यायचा. यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे भरल्या कळपातून नेमकं एक जनावर बाहेर काढणं, ज्याला तिकडे ‘कटिंग’ म्हणतात. धसमुसळेपणा केला तर सगळा कळप उधळतो. स्वार फक्त जनावर दाखवून देतो आणि लगाम सैल सोडतो. पुढचं घोड्याचं घोडा बघतो. गाय उजवीकडे वळली की हा उजवीकडे, ती थबकली की हा थबकला. असा घोडा रँचवर, म्हणजे त्या अवाढव्य गुरांच्या वाड्यांवर, मानकरी समजला जायचा.

१८७४ साली काटेरी तारेचं गाजलेलं पेटंट निघालं आणि पुढच्या वीसेक वर्षांत तो माळ कुंपणांनी चिरला गेला. रोजचं काम आटत चाललं तसा त्याचा खेळ झाला. (आपल्याकडे लढाया संपल्यावर दांडपट्टा मिरवणुकीत आला, तसंच काहीसं.) १८९८ मध्ये हॅस्केल या गावी गुराख्यांचा मेळावा भरला. तिथली कटिंगची स्पर्धा ही जाहीर बक्षिसाची पहिली स्पर्धा मानली जाते. बक्षीस दीडशे डॉलरचं होतं. सॅम ग्रेव्ह्ज नावाच्या गुराख्याने ते जिंकलं, हब या घोड्यावर बसून. हबचं वय होतं २२ वर्षं! कामातून मोकळा केलेला हा म्हातारा घोडा चार दाणे जास्त घालून पुन्हा उभा केला होता. रूपाच्या स्पर्धेत त्याला कुणी रांगेतसुद्धा घेतलं नसतं.

पुढे १९४० मध्ये फोर्ट वर्थला अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन स्थापन झाली. पाव मैलाच्या शर्यतीत वाऱ्यासारखा सुटणारा म्हणून ‘क्वार्टर’. वंशावळीच्या वहीत पहिला क्रमांक कुणाला द्यायचा यावरून भांडणं नकोत, म्हणून ठरलं की १९४१ च्या फोर्ट वर्थच्या प्रदर्शनात जो वळू-घोडा सर्वश्रेष्ठ ठरेल तो क्रमांक एक. तो मान किंग रँचच्या ‘विम्पी’ला मिळाला. विम्पी आई आणि बाप दोन्हीकडून ‘ओल्ड सॉरेल’चा नातू, आणि ओल्ड सॉरेल हा गुरांच्या कामात नावाजलेला घोडा. म्हणजे मान मिळाला रूपावर, पण त्या रूपामागे कामाची पिढी उभी होती. ही गोष्ट तेव्हा इतकी उघड होती की कुणाला ती नियमात लिहावीशी वाटली नाही. इथेच खरी गोम आहे.

कारण पुढे रूपाचा वर्ग वेगळा पडला आणि वेगळाच वाढला. या वर्गात घोड्याला जीन नाही, स्वार नाही, नुसती मोरकी घालून पंचांपुढे उभं करायचं. भरदार पुट्ठे, फुगलेले स्नायू दिसले की पहिला नंबर. १९७४ साली ‘इम्प्रेसिव्ह’ नावाचा घोडा या वर्गात जगज्जेता झाला. साहजिकच त्याची मागणी वाढली आणि त्याची संतती देशभर पसरली. काही वर्षांनी त्या संततीत एक विचित्र दुखणं दिसू लागलं. घोड्याचे स्नायू थरथरायचे, तो एकाएकी लुळा पडायचा, क्वचित मरायचाही. १९९२ मध्ये त्याचं मूळ एका जनुकातल्या दोषात सापडलं आणि वंशावळीचा माग इम्प्रेसिव्हपाशी पोचला. पंचांना भुलवणारे ते स्नायू आणि हा रोग एकाच घराण्यातून चालत आले होते. आई-बाप दोघांकडून दोष आलेल्या शिंगरांची नोंदणी शेवटी २००७ पासून बंद झाली. मधल्या काळात त्याच घोड्यांच्या गळ्यात पदकं पडतच होती. कटिंगच्या मैदानात घोडा लुळा पडला असता तर पहिल्याच दिवशी बोभाटा झाला असता.

दुसरीकडे कामाच्या स्पर्धाही एकांगी झाल्या. कटिंगचा घोडा फक्त कटिंगचा, शर्यतीचा फक्त शर्यतीचा. याला उतारा म्हणून २००० नंतर ‘व्हर्सेटिलिटी रँच हॉर्स’ ही सर्वांगी परीक्षा रुजली. इथे एकाच घोड्याने सगळं करून दाखवायचं. चाल, दुडकी, दौड. स्वार खाली न उतरता फाटक उघडणं. दोरीने ओंडका ओढणं. कळपातून गाय वेगळी काढणं. मग एकट्या गाईला कुंपणालगत वळवून फास टाकणं. अंगलटही तपासतात, पण साध्या कामाच्या मोरकीत, आणि तिचे गुण एकूण बेरजेत मिळवतात. खुरांना पॉलिश नको, आयाळीच्या वेण्या नकोत, शेपटीला गंगावन तर नकोच नको. चांदी मढवलेल्या खोगिराला जादा गुण नाहीत. हे नियम वाचताना मला हसू आलं, कारण डोळ्यापुढे आपली सारंगखेड्याची यात्रा आली.

दत्तजयंतीला तापीकाठी भरणारा तो घोडेबाजार आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तिथे उंची, रंग, कानांची ठेवण, भोवरे आणि नाच यांवर किंमत चढते. नाचवणं हीही विद्याच आहे, तिला नावं ठेवायची नाहीत. पण मराठी फौजांच्या दौडींशी ज्याचं नाव जोडलेलं आहे तो भीमथडीचा घोडा कुठे आहे? अलीकडे त्याची देशी जात म्हणून नोंद झाली, हे चांगलंच झालं. नोंदीत उंची, रंग, बांधा ही मापं असणार. तो घोडा मात्र आजही धनगरांच्या वाड्यामागून बिऱ्हाड, कोकरं आणि कधी एखादं पोर पाठीवर घेऊन घाट चढतो. त्याची स्पर्धा कधी भरवायची झालीच, तर पाठीवर पुरतं बिऱ्हाड लादून मुक्कामापासून मुक्कामापर्यंतची एक मजल ठेवावी, आणि भोवरे पाहायचेच असतील तर ते खोगीर उतरवल्यावर पाहावेत.