ळ बाळाचा

ज्या मुलानं आंबा खाल्ला आहे, त्याला ‘आ’ शिकवणं सोपं. अंकलिपीची युक्ती एवढीच : ओळखीच्या चित्राचं बोट धरून अनोळखी अक्षरापर्यंत जायचं. १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला निघालेल्या कोमेनियसच्या ‘ऑर्बिस पिक्टस’ या सचित्र पाठ्यपुस्तकाच्या आरंभीही हीच युक्ती आहे. तिथं कावळा, कोकरू आपापल्या आवाजातून अक्षरं शिकवतात.

गेल्या वर्षी नातीसाठी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या वस्तूंची अंकलिपी करायला बसलो आणि ही युक्ती उलटली. अ अडकित्त्याचा, द दौतीचा, व वज्रीचा. अडकित्ता पाहून नात ठामपणे म्हणाली, “क कात्रीचा!” चूक तिची नव्हती. आमच्या घरातला पानाचा डबा माझ्या आईबरोबरच गेला. इथं अक्षराआधी चित्रच अनोळखी होतं.

मग मी चित्रं बदलली. अडकित्त्याच्या पात्यात सुपारी ठेवली, दांड्यांवर बोटं काढली. वज्रीखाली भेगाळलेली टाच आली. नात मूठ आवळून हवेत सुपारी फोडू लागली. वस्तूची ओळख तिच्या आकारातून पटत नाही, ती वापरणाऱ्या हातातून पटते.

दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) जमवलं ते या हातांचंच जग. घरचा व्यवसाय चष्म्यांचा, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहायचे. पत्नी कमलाबाईंच्या साथीनं त्यांनी दिवे, अडकित्ते, वाद्यं, भांडी मिळवली. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो महाल पुन्हा उभा केला. वस्तूंची संख्या वीस हजारांवर गेली आणि हा सारा संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला.

तिथं गेल्यावर नातीनं विचारलं, “आबा, राजा कुठे बसायचा?” मोठी माणसंही पाटी वाचून तोच घोटाळा करतात. हा राजा सिंहासनावरचा नव्हे. केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालय त्याच्या नावानं आहे.

अंकलिपीचं एक पान अडलं होतं. मराठीत ‘ळ’नं शब्द सुरू होत नाही, म्हणून आपण ‘ळ बाळाचा’ म्हणतो. त्या पानासाठी दालनांतली एकही वस्तू मला सुचेना. शेवटी तिथं संग्रहालयाची पाटी काढली आणि तिच्यावरचं ‘राजा’ तेवढं लाल रंगानं गिरवलं.