हसण्यावारी नेलेलं बिल

(पोस्ट लांब आहे. विषय वाचून हसू येईल. आधी हसून घ्या, मग वाचा.)

एप्रिल २०२२ मधली गोष्ट. ब्राझीलमधून एक बातमी आली. तिथले विरोधी पक्षाचे खासदार एलियास वाझ यांनी सरकारी खरेदीच्या नोंदी उकरल्या आणि जाहीर केलं, की लष्कराने ६० पेनाइल इम्प्लांटच्या खरेदीला मंजुरी दिलीय. पेनाइल इम्प्लांट म्हणजे ज्या पुरुषाच्या लिंगाला ताठरता येत नाही, त्याला ऑपरेशन करून आत बसवायचं उपकरण. एकूण रक्कम ३५ लाख रेआलच्या आसपास. तेव्हाच्या भावाने साडेपाच कोटी रुपये. एकेक नग ५० ते ६० हजार रेआलचा, म्हणजे आठ-नऊ लाख रुपयांचा. त्याच आठवड्यात लष्करासाठी व्हायग्राच्या ३५ हजार गोळ्या मंजूर झाल्याचंही बाहेर आलं होतं.

मी तेव्हा एका साप्ताहिकाची पानं लावायचो. ऑफिसात नुसता हशा. चहावाला पोरगासुद्धा हसत होता. मी चौकटीत बातमी लावली, वर चावट मथळा दिला. मथळा काय होता ते आज सांगवत नाही.

ब्राझीलच्या लष्कराने खुलासा केला होता. २०२१ मध्ये प्रत्यक्षात तीनच इम्प्लांट घेतली, ती लष्कराच्या आरोग्य निधीतल्या रुग्णांसाठी घेतली आणि अशा रुग्णांवर उपचार करणं हे आमच्या आरोग्यसेवेचं कामच आहे, असं त्यांचं म्हणणं. हा खुलासा माझ्यासमोर होता. मी तो छापला नाही. त्यात मजा नव्हती.

अंक निघाल्यावर चार-पाच दिवसांनी एक काका ऑफिसात आले. एसटीतून रिटायर झालेले, ओळखीचे. वर्गणी भरायला आलोय म्हणाले, पण वर्गणी भरून झाली तरी उठेनात. ऑफिस रिकामं झाल्यावर हळूच म्हणाले, "साहेब, ते ब्राझीलचं छापलंय तुम्ही... तसं खरंच असतंय का? बसवतात माणसाला?"

मी म्हणालो, "असतं काका."

"मग आपल्याकडं किती पैसे लागतात? आणि पैसे कोण देतं, सरकार का विमा?"

काकांना पंधरा वर्षांपासून शुगर. त्यात प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं. मला उत्तर माहीत नव्हतं. ज्या गोष्टीवर मी मथळा केला होता, तिची किंमत कोण भरतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून वाचत गेलो. जे कळलं ते आज लिहितोय.

आधी वस्तूचा इतिहास.

१९३६ मध्ये सोव्हिएत रशियातल्या रोस्तोव शहरात निकोलाय बोगोराझ नावाच्या सर्जनने शस्त्रक्रियेने नव्याने लिंग घडवलं आणि त्याला आधार म्हणून रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा आत घातली. हे बोगोराझ स्वतः ट्रामच्या अपघातात दोन्ही पाय गमावलेले. कृत्रिम पाय लावून उभे राहून ऑपरेशनं करायचे. शरीराचा एखादा भाग जाणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण कूर्चा टिकत नसे, शरीर ती हळूहळू शोषून घ्यायचं. पुढे ॲक्रिलिकचे तुकडे वापरून झाले, तेही नीट जमले नाहीत.

खरा बदल १९७३ मध्ये झाला. अमेरिकेत ब्रँटली स्कॉट, विल्यम ब्रॅडली आणि जेराल्ड टिम या तिघांनी फुगवता येणारं इम्प्लांट जगासमोर आणलं. लिंगात सिलिकॉनच्या दोन नळ्या, पोटात पाण्याची छोटी टाकी, अंडकोषाच्या पिशवीत बोटाने दाबायचा पंप. पंप दाबला की टाकीतलं पाणी नळ्यांत येतं, काम झालं की परत टाकीत. दोनच वर्षांनी मायामीच्या स्मॉल आणि कॅरिऑन या डॉक्टरांनी साधी, न फुगणारी सिलिकॉनची जोडी आणली. आजही बाजारात हेच दोन प्रकार आहेत. एक फुगणारा, महागडा. दुसरा वाकवता येणारा, स्वस्त. गोळ्या आणि इंजेक्शनं चालली नाहीत की मग शेवटचा उपाय म्हणून हे ऑपरेशन करतात.

आता काकांचा दुसरा प्रश्न. पैसे कोण देतं?

अमेरिकेपासून सुरू करू, कारण हे भांडण तिथे सगळ्यात उघडपणे झालं. तिथे ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी १९६५ पासून मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. त्या कायद्यात एक कलम आहे: शरीराच्या आतल्या अवयवाचं काम करणारं कृत्रिम साधन असेल तर योजना पैसे देईल. पेसमेकर याच कलमात बसतो. पेनाइल इम्प्लांटही त्यातच बसलं. डॉक्टरने गरज लिहून दिली तर बाहेररुग्ण म्हणून केलेल्या ऑपरेशनचा सुमारे ८० टक्के भार मेडिकेअर उचलते, उरलेला रुग्णाच्या किंवा त्याच्या दुसऱ्या विम्याच्या अंगावर पडतो. फुगणाऱ्या इम्प्लांटचा तिथला सगळा खर्च पंधरा-वीस हजार डॉलरच्या घरात जातो, कधी त्याहून जास्त. म्हणजे ८० टक्के ही काही किरकोळ मदत नाही.

मग मार्च १९९८ मध्ये व्हायग्राला परवानगी मिळाली. एका गोळीची किंमत १० डॉलरच्या आसपास. विमा कंपन्यांची झोप उडाली, कारण ऑपरेशन थोडेच लोक करून घेतात, गोळी मात्र कुणीही मागेल. जुलैमध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं, की गरिबांच्या मेडिकेड योजनेत ही गोळी द्यावीच लागेल. तेव्हा तिथल्या बायकांनी एक रास्त प्रश्न विचारला. गर्भनिरोधक गोळी १९६० पासून बाजारात आहे, तिचे पैसे द्यायला कित्येक विमा कंपन्या अजून तयार नाहीत. मग पुरुषांच्या गोळीची सोय इतक्या लवकर कशी होते? त्याच वर्षी अमेरिकी संसदेने सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्यात गर्भनिरोधकं घालायला लावली. एका गोळीच्या भांडणातून दुसरीचा प्रश्न थोडा पुढे सरकला.

२००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या लेखापरीक्षणात आढळलं, की लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या १९८ जणांना मेडिकेडच्या पैशातून व्हायग्रा मिळाली होती. देशभर संताप झाला. संताप रास्तच होता. पण बंदी फक्त त्या १९८ जणांवर आली नाही. या दोषासाठीच्या गोळ्या मेडिकेडमधून २००६ पासून आणि मेडिकेअरच्या औषध योजनेतून २००७ पासून सगळ्यांसाठीच बंद झाल्या. शुगरवाले आणि कॅन्सरवाले म्हातारेही त्यात गेले.

मग हाताने वापरायच्या व्हॅक्यूम पंपाची पाळी आली. त्याला ऑपरेशन लागत नाही. डिसेंबर २०१३ च्या सरकारी तपासणीत दिसलं, की २००६ ते २०११ या काळात मेडिकेअरने या पंपांवर १७ कोटी २४ लाख डॉलर खर्च केले आणि बाजारभावाच्या दुपटीहून जास्त दर मोजला. एवढा महाग का घेता, हा प्रश्न विचारून दर खाली आणता आला असता. संसदेने पंपच बंद केला. अपंगांसाठी बचत खात्याचा एक चांगला कायदा होत होता, त्याचा खर्च भरून काढायला ही रक्कम वापरली आणि जुलै २०१५ पासून पंप योजनेतून गेला.

म्हणजे हिशेब बघा. गोळीला पैसे नाहीत. पंपाला पैसे नाहीत. सगळ्यात महाग असलेल्या ऑपरेशनला मात्र आहेत. वैद्यकशास्त्र असं सांगत नाही. गोळी 'चैनीच्या' रकान्यात लिहिली गेली आणि इम्प्लांट पेसमेकरच्या रकान्यात, एवढाच फरक.

ब्रिटनने वेगळा मार्ग काढला. १९९९ मध्ये त्यांनी आजारांची यादी केली. मधुमेह, प्रोस्टेटचा कॅन्सर, मज्जारज्जूची इजा वगैरे असेल तर गोळी सरकारी खर्चाने, बाकीच्यांनी स्वतःच्या पैशाने घ्यावी. त्या यादीवरही भांडणं झाली. पण यादी सगळ्यांसमोर होती आणि भांडायला जागा होती.

शब्दांचंही असंच आहे. १९९२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञ बोलावले. त्यांनी ठरवलं, की आपल्या 'नपुंसकत्वा'ला समांतर असलेला तिकडचा जुना शब्द सोडायचा आणि 'ताठरतेचा दोष' म्हणायचं. जुना शब्द माणसावर शिक्का मारतो, नवा शब्द दुखणं दाखवतो. दोन वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्के जणांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होता. निम्म्याहून जास्त! आपल्याकडे मात्र 'नामर्द' ही अजून शिवीच आहे. आणि शिवीचं बिल कोण पास करणार?

आता आपल्याकडचं.

भारतात २०२३ च्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. साखर रक्तवाहिन्या आणि नसा दोन्ही खराब करते, म्हणून मधुमेही पुरुषांत हा दोष जास्त दिसतो. शिवाय लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्या आधी तुंबतात. त्यामुळे हा त्रास कधीकधी हृदयविकाराची काही वर्षं आधी मिळालेली सूचना असतो. लाजून घरी बसणारा माणूस फक्त संसारसुख घालवत नाही, छातीत कळ येण्याआधी मिळालेला इशाराही घालवतो.

उपाय आपल्याकडे नाहीत असं नाही. २००५ पर्यंत आपल्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, म्हणून व्हायग्रातलं औषध भारतीय कंपन्यांनी लवकरच स्वस्तात बनवलं. इम्प्लांटमध्येही मुंबईचे डॉ. रूपिन शाह यांनी भारतात बनणारं, न फुगणारं, स्वस्त इम्प्लांट तयार केलं. ते 'शाह इम्प्लांट' म्हणूनच ओळखलं जातं. त्याचा हिशेब हजारांत होतो, परदेशी फुगणाऱ्याचा लाखांत.

पण पैसे? बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून. तुमच्या घरातली आरोग्य विम्याची पॉलिसी काढा आणि मागची वगळण्यांची यादी वाचा. वंध्यत्वाचे उपचार वगळण्याचं कलम तर विमा नियामकाच्या प्रमाणित यादीतच आहे. अनेक पॉलिसींत लैंगिक दोषांच्या उपचारांचाही वेगळा उल्लेख असतो. सही करताना ते पान कुणी वाचतं का?

तुलना करा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली, औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये. आधी त्याचे लाखाच्या वर घेत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याचं इम्प्लांट, साध्या प्रकाराला ५४,७२० रुपये. हे आपोआप झालं नाही. दिल्लीत एक वकील कोर्टात गेला, पेपरांत बातम्या आल्या, गुडघा दुखणारी आजी चौकात उभी राहून बिल दाखवू शकली. लिंगाच्या इम्प्लांटचं बिल घेऊन चौकात कोण उभं राहील? जिथे कुणी ओरडत नाही, तिथे दर बांधायची घाई कुणालाच नसते.

आणि ही गप्प बसलेली माणसं पैसे खर्च करत नाहीत असं समजू नका. काकांनी जाताना सांगितलं, की दोन वर्षांत एका 'वैद्या'ला ३८ हजार दिले. दर रविवारी स्टँडजवळच्या लॉजवर बसायचा. पुड्या, तेल, भस्म. पावती नाही, नाव नाही, पत्ता नाही. फायदा शून्य.

"त्याचा पत्ता कुठून मिळाला काका?" मी विचारलं.

काका ओशाळून म्हणाले, "तुमच्याच पेपरात जाहिरात होती की साहेब."

मी जुने अंक काढले. होती. ब्राझीलची चौकट ज्या अंकात होती, त्या अंकातही होती, दोन पानं सोडून. १९५४ चा औषधे व जादूटोणासदृश उपचारांच्या जाहिरातींवरचा कायदा आहे. लैंगिक क्षमता वाढवण्याच्या, नपुंसकत्व बरं करण्याच्या औषधांची जाहिरात त्यात चालत नाही. देणारा तर दोषी असतोच, छापण्यात भाग घेणाराही असतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हा कायदा मी डिप्लोमाला असताना शिकलो होतो, परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, महिन्याची बांधलेली जाहिरात आहे ती." पुढे वर्षभर मी तीच पानं लावत राहिलो. मग सोडलं. वर्षभर का थांबलो, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. पगार हेच उत्तर.

म्हणजे काकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं. अमेरिकेत बरंचसं सरकार देतं. ब्राझीलमध्ये सैनिकांचा आरोग्य निधी देतो आणि त्यावर संसदेत जाब विचारला जातो. आपल्याकडे काका देतात. तेही डॉक्टरला नाही, लॉजवरच्या माणसाला. आणि त्यातला वाटा जाहिरातीच्या रूपाने आमच्याकडे यायचा.

सरकारने प्रत्येकाला आठ लाखांचं इम्प्लांट द्यावं असं मी म्हणत नाही. आपल्याकडे डायलिसिसला रांगा आहेत, ते मलाही दिसतं. पण शुगरच्या तपासणीला आलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात हा एक प्रश्न विचारायला काय खर्च येतो? पॉलिसीत हे वगळलंय, असं एजंटने तोंडाने सांगायला काय खर्च येतो? स्टँडच्या भिंतीवरच्या त्या जाहिराती पुसायला नगरपालिकेला किती रंग लागेल?

काका पुढे शहरात युरॉलॉजिस्टकडे गेले, एवढं मला माहीत आहे. डॉक्टरने पहिल्यांदा त्यांना हृदयाच्या तपासणीला पाठवलं. त्यांनी पुढे काय उपचार घेतले ते मी विचारलं नाही, माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं. रस्त्यात भेटले की हात करतात.

कमेंटमध्ये हसायचं असेल तर हसा, मीही हसलो होतो. पण तुमच्या गावातल्या पेपरात, केबलवर, भिंतीवर अशी जाहिरात दिसली तर फोटो काढून ठेवा. आणि घरात कुणाला पंधरा-वीस वर्षांपासून शुगर असेल, तर ही पोस्ट ग्रुपवर न टाकता त्यांना एकट्यांना पाठवा.