खापर, भट्टी आणि बारा खळगे

गेल्या दिवाळीत मी आईसाठी ऑनलाईन एक यंत्र मागवलं. खोक्यावर 'केक पॉप मेकर' असं लिहिलेलं आणि आत बिजागरीने उघडणारा एक गुलाबी डबा. खाली बारा अर्धगोल खळगे, वरच्या झाकणात तेवढेच. आजीने चष्मा नाकावर सरकवून ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "ह्याला यंत्र काय म्हणायचं? अप्पेपात्रच आहे की हे. झाकण आणि वायर लावलेलं."

मी पुण्यात कोड लिहून पोट भरतो. इतिहासाचं शिक्षण शून्य. पण आजीचं ते वाक्य डोक्यातून जाईना. ही वस्तू आमच्या पुणतांब्याच्या ओट्यावर येईपर्यंत काय काय घडावं लागलं, हे शोधत बसलो. त्यातून जे हाती आलं ते लिहितोय.

आधी वस्तू समजून घेऊ. केक पॉप म्हणजे काडीवर खोचलेला, लिंबाएवढा गोल केक, वरून चॉकलेटात बुडवलेला. अमेरिकेतल्या अँजी डडली या बाईंनी 'बेकरेला' या नावाने लिहिताना 2008 च्या सुमारास तो लोकप्रिय केला. 2011 मध्ये स्टारबक्सने तो आपल्या काउंटरवर ठेवला आणि मग तो जगभर गेला. गंमत अशी की मूळ पद्धतीत साचा नव्हताच. तयार केक हाताने कुस्करायचा, त्यात आयसिंग मिसळायचं, गोळे वळायचे. म्हणजे शिळ्या पोळीचा लाडू! तूप-गुळाऐवजी आयसिंग, एवढाच फरक. कुस्करण्याचा आणि वळण्याचा हा कंटाळा वाचवण्यासाठी मग हे विजेचं यंत्र बाजारात आलं. त्यात पीठ ओतलं की थेट गोळाच बाहेर येतो.

यंत्राची वंशावळ मात्र लांबची आहे. पीठ दोन तापलेल्या तव्यांमध्ये दाबून भाजायची युक्ती युरोपात जुनी. कॉर्नेलियस स्वार्टवाउट या अमेरिकन माणसाने चुलीवरच्या वॅफल पात्राचं पेटंट घेतलं ते 1869 मध्ये. खळग्यांची पात्रं तर अर्ध्या जगात आहेत. डेन्मार्कमध्ये त्यात एब्लेस्किव्हर नावाचे गोळे होतात. जपानात ताकोयाकी होते. ओसाकात ती 1935 पासून, ऑक्टोपसचा तुकडा घालून. आपल्याकडे कोकणात, गोव्यात आणि कर्नाटकात बिडाच्या पात्रात अप्पे. आमच्या भागात अप्पे मुळात नव्हतेच. आमचं पात्र मावशीने दिलेलं, नॉनस्टिकचं. त्यामुळे आजीचं 'अप्पेपात्र' हे वाक्यही तसं उसनंच आहे, हे तिला सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

त्यात वीज शिरली ती दोन शोधांमुळे. पहिला नायक्रोम. निकेल आणि क्रोमियमची ही तार लाल होईपर्यंत तापली तरी जळून तुटत नाही. अल्बर्ट मार्शने ती 1905 च्या सुमारास काढली, आणि टोस्टर, इस्त्री, शेगडी हे सगळं घरात आलं. दुसरा टेफ्लॉन. 1938 मध्ये रॉय प्लंकेट शीतकरणाच्या वायूवर काम करत असताना सिलिंडरमध्ये एक पांढरी भुकटी तयार झालेली सापडली. तिला काहीच चिकटत नव्हतं. या दोन गोष्टी नसत्या तर आईचे केक खळग्यातच राहिले असते.

इथपर्यंतचं कोणीही फोनवर अर्ध्या तासात शोधू शकतो. मला अडकवलं ते गावाने.

पुणतांबा गोदावरीकाठी आहे, आणि इथे चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षं जगलेले, वाघावर बसून सापाचा चाबूक घेऊन आलेले ते योगी चांगदेव. त्यांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या आल्या, ही गोष्ट आमच्याकडे पोरंसुद्धा सांगतात. शेवटी चांगदेवांनी गुरू केलं ते मुक्ताबाईंना, एका लहान मुलीला. आणि त्याच मुक्ताबाईंची दुसरी गोष्ट भाजण्याच्या भांड्याची आहे.

त्यांना मांडे करायचे होते. मांड्याला खापर लागतं. पालथं घातलेलं मातीचं भांडं, खाली जाळ. वर हातावर पसरत नेलेली पातळ पोळी टाकायची. खानदेशात पुरणाचे मांडे आजही असेच होतात. मुक्ताबाई खापर आणायला कुंभाराकडे निघाल्या, तर विसोबा चाटींनी आडकाठी केली. कुंभारांना ताकीद दिली, या पोरीला भांडं द्यायचं नाही. संन्याशाची मुलं, वाळीत टाकलेली. मुक्ताबाई रिकाम्या हाताने घरी आल्या. मग ज्ञानेश्वरांनी जठराग्नी पेटवला, पाठ तापली, आणि मांडे पाठीवर भाजले. पुढे विसोबा शरण आले आणि विसोबा खेचर झाले, नामदेवांचे गुरू. ही कथा घराघरांत नेणारे महिपती आमच्याच जिल्ह्यातले, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. त्यांचा 'भक्तविजय' 1762 चा.

कीर्तनात ही गोष्ट लहानपणापासून ऐकली, तेव्हा सगळं लक्ष तापलेल्या पाठीकडे असायचं. आता वाटतं, चमत्कार क्षणभर बाजूला ठेवावा आणि त्याआधीचा प्रसंग पाहावा. पीठ घरात आहे, करणारी आहे, कृती येते. अडलंय कुठे? भांड्यापाशी. भांडं दुसऱ्याच्या हातात आहे आणि ते कोणाला द्यायचं हे तिसराच ठरवतोय. गोष्ट किती ऐतिहासिक आहे हा वाद अभ्यासकांचा, पण वाळीत टाकणं म्हणजे रोजच्या जगण्यात नेमकं काय, हे सांगणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना चांगलंच ठाऊक होतं. म्हणूनच ती टिकली.

एकदा हे दिसलं की भाजण्याचा पुढचा इतिहासही तसाच दिसायला लागतो.

पावाची भट्टी आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली. तिथे ताडीने पीठ आंबवायचे. म्हणजे पावात ताडी आणि भट्टीवर परधर्मी हात, तेव्हा सोवळ्या घरांना तो निषिद्धच. भाजलेल्या पिठाचं हे प्रकरण किती टोकाला जाऊ शकतं ते 1890 मध्ये पुण्यात दिसलं. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळींत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावंच वर्तमानपत्रात छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि रानड्यांना सरतेशेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. हे सगळं चहाच्या कपासाठी आणि बिस्किटासाठी. आज त्या पुण्यात श्रूजबेरी बिस्किटांसाठी लोक उन्हात रांग लावतात.

खेड्यात निषेध हळूहळू सैलावला तरी भट्टी घरात आली नाही. नानकटाई करायची तर पीठ, साखर, तूप डब्यात भरून बेकरीवाल्याकडे न्यायचं आणि नंबर लावायचा. आई सांगते, तिच्या लहानपणी दिवाळीआधी हा एक दिवस ठरलेला असे. घरी केक करायचा तर कुकर. हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही कुकर 1959 मध्ये आले, आणि काही वर्षांत बायकांनी त्याचा असा वापर शोधला जो माहितीपत्रकात नव्हता. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाशी नदीची वाळू पसरायची, त्यावर डबा ठेवायचा. माझ्या पाचव्या वाढदिवसाचा केक गोदावरीच्या वाळूवर भाजलेला होता. खालून करपलेला, वरून फिका. त्याचे फोटो आहेत.

विजेचा ओव्हन आमच्याकडे येणं शक्यच नव्हतं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये स्थापन झालं आणि तारा गावोगाव गेल्या, पण तार असणं आणि तारेत वीज असणं या वेगळ्या गोष्टी. मी शाळेत होतो तेव्हा भारनियमन हाच ऋतू होता. लाईट कधी येणार यावर गिरणी, पाणी, अभ्यास सगळं चाले. मग घरांची लाईन आणि शेतपंपांची लाईन वेगळी झाली, गावठाण फीडर म्हणतात तो प्रकार. कोणत्याही ग्रंथात या फीडरला पाककलेचा इतिहास म्हणून जागा मिळणार नाही. माझ्या मते मिळायला हवी.

आता आमचं यंत्र. तळाशी 700 वॉट लिहिलंय. एक घाणा सहा मिनिटांचा, म्हणजे 0.07 युनिट. बारा केकला शंभर मिली दूधही लागत नाही. आईने मैदा, पिठीसाखर, लोणी, दूध, बेकिंग पावडर घेऊन महिनाभर प्रयोग केले. अंड्याऐवजी दही, कारण आजी. खालचा खळगा काठोकाठ भरला तरच वरचा अर्धा गोल नीट उमटतो. कमी भरला तर टोपी बसलेली बोरं निघतात. केक पूर्ण गार झाल्यावर काडीचं टोक वितळलेल्या चॉकलेटात बुडवून खोचायचं, पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये, मग अख्खा गोळा बुडवायचा. ही पहिली बुडी टाळली तर केक काडीवरून घसरतो. सुकायला उभे ठेवायचे म्हणून लोक थर्माकोल वापरतात. आई गव्हाने भरलेल्या डब्यात काड्या खोचते.

पण संध्याकाळचे केक बसायला लागले. फिके, चिकट. आईला वाटलं, दही आंबट झालं. मी मल्टिमीटर लावला तर सॉकेटवर 170 व्होल्ट. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. 230 चे 170 झाले की 700 वॉटचे जेमतेम 380 उरतात. आईला एवढंच सांगितलं की चूक तुझी नाही. ती आता ऑर्डर सकाळी करते. एक केक पॉप पंधरा रुपये, वाढदिवसाला तीस-चाळीस जातात.

पंधरा रुपयांचा हिशेब मला 2017 कडे घेऊन जातो. त्या वर्षी 1 जूनला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, आणि त्याची ठिणगी आमच्या गावातली. कर्जमाफी, हमीभाव, दुधाला बरा दर. शहरांकडे जाणारं दूध आणि भाजी थांबली. मी तेव्हा पुण्यात होस्टेलवर होतो. मेसमध्ये काळा चहा, आणि मित्र मला विचारायचे, "तुमच्याच गावाने केलं ना हे?" त्याच वेळी घरी दोन गायींचं दूध कॅन भरून पडलेलं. आईने फोनवर सांगितलं की खवा करून करून हात दुखतोय, आणि खवा तरी किती जणांना वाटणार. टीव्हीवर रस्त्यावर ओतलेलं दूध दिसत होतं. ते पाहून चिडलेले लोकही मला भेटले, आणि त्यांच्याशी मी नीट भांडू शकलो नाही. कच्चा माल नासतो, म्हणून विकणाऱ्याला थांबता येत नाही, हे तेव्हा मला मांडता आलं नाही.

आमच्या पट्ट्याला हे जुनंच माहीत होतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जवळच लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, 1950 मध्ये त्याचं गाळप सुरू झालं, त्यामागचा विचार हाच होता. उसावर प्रक्रिया शेतकऱ्याच्या मालकीच्या यंत्रात व्हावी. बारा खळग्यांच्या डब्याची कारखान्याशी तुलना केली तर हसाल, आणि हसाच. तीस केकने कोणाचं कर्ज फिटत नाही. तरीही घरचं दूध घरातच एखाद्या वस्तूत बदलून, आपण ठरवलेल्या दराला विकताना मी आईला पहिल्यांदा पाहिलं.

मागच्या रविवारी गावी होतो. पन्नासची ऑर्डर, चौथा घाणा झाकणाखाली, आणि लाईट गेली. आईने दोन मिनिटं वाट पाहिली. मग झाकण उघडलं, अर्धवट फुललेले बारा गोळे चमच्याने उचलले आणि गॅसवर तापत ठेवलेल्या मावशीच्या अप्पेपात्रात एकेक टाकले. सात मावले. उरलेले पाच तिने ताटलीत काढून माझ्यापुढे सरकवले.

"उलटायला विणकामाची सुई घे," आजी आतून म्हणाली. "चमच्याने मोडतील."